मांजराच्या मिशा कशासाठी असतात, आणि त्या का कापू नयेत

शहरांतल्या फ्लॅटमध्ये मांजर पाळणारे वाढले, तसे मिशांबद्दलचे समजही वाढले. ऑनलाइन दुकानांत 'मिशांना त्रास न देणारी' महागडी भांडी मिळतात. कुणी पर्शियन मांजराचा चेहरा नीटनेटका दिसावा म्हणून मिशा छाटून आणतं. मिशीच्या मापाने मांजर फट मोजतं, असं एकजण सांगतो. घरातली वडीलधारी मंडळी बजावतात की मिशी पोटात गेली तर दमा लागतो. यातलं काही अर्धं खरं आहे, काही साफ चुकीचं. ते वेगळं करायचं तर मिशी हा अवयव चालतो कसा, हे आधी बघायला हवं.

केसाला काही कळत नाही, मुळाला सगळं कळतं

मिशी हा केसच. केराटिन नावाच्या प्रथिनाचा, आपली नखं ज्याची असतात त्याचाच. त्यात रक्त नाही, नस नाही. म्हणून मिशी मधूनच कापली तर मांजराला दुखत नाही. घोटाळा इथेच होतो. दुखत नाही म्हणजे काही बिघडत नाही, असं लोक धरून चालतात.

अंधाऱ्या पायवाटेने काठी टेकत जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. काठीला स्वतःला काही जाणवत नाही. पण तिचं टोक दगडावर आपटलं की चिखलात रुतलं, हे मुठीला तत्क्षणी समजतं. मांजराची मिशी ही काठी आहे आणि तिचं मूळ ही मूठ.

ही मूठ विलक्षण आहे. मिशी अंगावरच्या साध्या केसापेक्षा दोन-तीन पट जाड असते आणि तिचं मूळ जवळपास तीनपट खोल गेलेलं असतं. प्रत्येक मूळ एका चिवट पिशवीत बसवलेलं असतं आणि पिशवीच्या आत रक्ताने भरलेली पोकळी असते. मिशीचं टोक किंचित जरी हललं तरी मुळाशी हालचाल होते, ती या रक्ताच्या गादीतून आजूबाजूच्या चेतातंतूंवर दाबली जाते. एकेका मिशीच्या मुळाशी १०० ते २०० च्या आसपास चेतापेशींची टोकं येऊन पोचलेली असतात. त्यांतली काही फक्त बदल टिपतात: मिशी वाकली त्या क्षणी संदेश पाठवतात आणि मग गप्प होतात. काही मात्र मिशी वाकलेली आहे तोवर संदेश पाठवत राहतात. शिवाय एकेक तंतू ठरावीक दिशेच्या वाकण्यालाच जास्त दाद देतो. त्यामुळे कोणती मिशी, कुठल्या बाजूला, किती आणि किती वेगाने वाकली, हे सगळं मेंदूपर्यंत वेगवेगळं पोचतं.

मिशीचा आकारही कामाचा आहे. ती बुडाशी जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. टोक लवचीक असल्यामुळे अडथळ्यावरून सहज निसटतं, अडकून पडत नाही.

इथून संदेश निघतात ते चेहऱ्याच्या मुख्य संवेदी नसेतून, डोळ्याखालच्या हाडातल्या छिद्रामधून मेंदूकडे. चेहऱ्यावर मिशा ज्या ओळींत असतात, त्याच ओळींची मांडणी मेंदूच्या देठातही आढळते. १९७० मध्ये थॉमस वुल्सी आणि हेंड्रिक व्हान डर लूस यांनी उंदराच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात याचं फार ठसठशीत रूप दाखवलं: प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एक वेगळा पुंजका. स्पर्शाच्या अभ्यासात ही रचना आजही सगळ्यात जास्त वापरली जाते.

माणसाच्या मिशीत यातलं काही नाही. आपल्या पूर्वजांकडे संवेदी मिशा होत्या. त्या घडवायला मदत करणारा जनुकीय तुकडा माणसाच्या वंशात गळून गेला, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आपण हे काम बोटांच्या टोकांवर सोपवलं आहे.

मिशा फक्त ओठावर नसतात

वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना साधारण बारा-बारा मिशा असतात, चार आडव्या ओळींत. पण डोळ्यांवर भुवयांच्या जागी, गालांवर आणि हनुवटीवरही त्या असतात. पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या गादीच्या जरा वर बोट फिरवलंत तर तिथेही दोन-तीन ताठ केस हाताला लागतील. मांजर बरीच वर्षं घरात असूनही अनेकांनी हे केस कधी पाहिलेले नसतात.

भुवयांवरच्या मिशीला हलकाच धक्का लागला की डोळा मिटतो. काटेरी झुडपातून किंवा वाळल्या गवतातून जाताना डोळा वाचवण्याची ही सोय.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे आणि कान बंद असतात. डोळे उघडायला आठवडा ते दोन आठवडे जातात. मिशा मात्र जन्मतःच असतात, आणि त्या काळात आईची ऊब आणि दूध शोधताना वास आणि स्पर्श हेच त्याचे सोबती.

नाकासमोरचं मांजराला नीट दिसत नाही

मांजराचे डोळे दूरच्या आणि मंद उजेडातल्या हालचाली टिपायला घडलेले आहेत. नाकापासून साधारण पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूवर मात्र त्यांना नजर स्थिर करता येत नाही, तिथलं सगळं धूसर होतं. म्हणून समोर टाकलेला खाऊचा तुकडा सोडून मांजर बाजूलाच हुंगत बसतं. त्याची नजर गेलेली नसते. बोटाने तुकडा जरा सरकवा, तो लगेच सापडेल.

आता शिकारीचा विचार करा. उंदीर तोंडात आला की तो दिसण्याच्या टप्प्यातून निघून गेलेला असतो. मेला आहे की जिवंत, डोकं कोणत्या बाजूला, सुटायला धडपडतोय का, हे डोळे सांगू शकत नाहीत. नेमक्या त्या क्षणी ओठावरच्या मिशा पंख्यासारख्या पुढे येतात आणि सावजाला जवळजवळ वेढून टाकतात. मानेवरचा चावा कुठे बसवायचा, याचा अंदाज मांजर स्पर्शाने घेतं. पंजात धरलेल्या सावजाची खबर मनगटावरचे केस देतात.

मिशा पुढे-मागे करणारे स्नायू प्रत्येक मुळाभोवती असतात. उंदीर आपल्या मिशा सेकंदाला कितीतरी वेळा सतत फडफडवतो. मांजर तसं करत नाही. ते गरजेप्रमाणे मिशा पुढे आणतं, तिथेच धरून ठेवतं, काम झालं की बाजूला सोडतं.

मग मिशीने मांजर फट मोजतं, हे खरं का?

अर्धं खरं. सडपातळ मांजराच्या मिशांचा पसारा त्याच्या अंगाच्या रुंदीच्या जवळपास असतो, आणि फटीत डोकं घातल्यावर दोन्हीकडच्या मिशा वाकल्या की कडा जवळ आहेत हे त्याला कळतं. पण मांजर जाडं झालं म्हणून मिशा वाढत नाहीत. त्यांची लांबी आनुवंशिकतेवर ठरते, खाण्यावर नाही. मोजपट्टीचा सिद्धान्त पूर्ण खरा असता, तर लठ्ठ मांजरं कपाटामागे अडकली नसती.

फटीतून जाता येण्याचं मोठं कारण सांगाड्यात आहे. मांजराचं गळपट्टीचं हाड अगदी छोटं असतं आणि बाकीच्या हाडांना जोडलेलं नसतं, स्नायूंत नुसतं तरंगतं. त्यामुळे खांदे आत ओढून अंग अरुंद करता येतं. डोकं गेलं की बहुतेक वेळा मागचं अंगही जातं. गॅलरीला जाळी लावताना हे लक्षात ठेवायला हवं: माप मांजराच्या पोटाचं घेऊ नका, डोक्याचं घ्या, आणि घरात पिल्लू असेल तर पिल्लाच्या डोक्याचं. कबुतरांसाठीची पातळ नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकतं. तिथे धातूची जाळी लावावी.

तोल आणि वाऱ्याचं काय?

'मिशा कापल्या की मांजराचा तोल जातो' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. तोल सांभाळण्याचं मुख्य काम कानाच्या आतल्या यंत्रणेचं आहे. उंचावरून पडताना हवेतच वळून पायांवर उतरणं हीदेखील त्या यंत्रणेची, डोळ्यांची आणि लवचीक कण्याची करामत. मिशा कापलेलं मांजर कठड्यावर बिचकतं ते तोल गेल्यामुळे नाही. जवळच्या कडेची खबर मिळेनाशी झालेली असते, म्हणून ते बिचकतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पण तोल खरोखर जात असेल, मान एका बाजूला कलली असेल किंवा मांजर गोल गोल फिरत असेल, तर मिशांना दोष देत बसू नका. तो कानाचा किंवा मेंदूचा आजार असू शकतो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.

वाऱ्याच्या झुळकेची दिशा मिशांनी ओळखता येते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत २०१६ मध्ये दाखवलं गेलं. मांजराच्या मिशीचं मूळही तितकंच हळवं आहे, म्हणून तिच्याबाबतही असा अंदाज बांधतात. भिंतीजवळ हवा वेगळी वळते, त्यावरून काळोखात भिंत 'जाणवत' असावी.

कापल्या तर काय होतं

काठी काढून घेतलेला माणूस चालू शकतो. पण तो हात पुढे करून, पावलापावलाला थांबत चालतो. मांजराचंही तसंच. उजेडात फारसा फरक दिसत नाही, अंधारात मात्र ते कडांना धडकतं, अरुंद जागी घुसायला कचरतं, तोंडाजवळच्या वस्तूचा अंदाज चुकतो. म्हाताऱ्या आणि दृष्टी अधू झालेल्या मांजराला याचा सर्वांत जास्त त्रास होतो, कारण त्याच्याकडे दुसरा पर्याय उरलेला नसतो.

मिशा पुन्हा येतात. पूर्ण लांबीला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर घरातलं सामान हलवू नका, खाण्याची आणि मातीच्या ट्रेची जागा बदलू नका, रात्री एखादा मंद दिवा चालू ठेवा आणि मांजराला बाहेर सोडू नका.

उपटणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. मूळ रक्त आणि नसांनी भरलेलं असल्यामुळे मिशी ओढून काढणं अतिशय वेदनादायक असतं, रक्त येतं आणि जखम चिघळू शकते. लहान मुलं खेळताना मिशा ओढतात, त्यांना हे समजावून सांगायलाच हवं.

लांब केसांच्या पर्शियन मांजराच्या डोळ्यांजवळचे केस कापावे लागतात, आणि नेमक्या तिथे भुवयांवरच्या मिशा चुकून जातात. ओळखायचं कसं? साधा केस मऊ असतो, बोटावर पडून राहतो. मिशी जाड, ताठ असते आणि सोडली की परत जागेवर उभी राहते. आधी मिशा बोटाने मागे दाबून धरा, मग बोथट टोकाच्या कात्रीने बाकीचे केस कापा. बाहेरून केस कापून घेत असाल तर 'मिशा आणि भुवया सोडून' असं स्पष्ट सांगा. सांगितलं नाही तर त्या जाऊ शकतात.

'मिशांचा थकवा' आणि पसरट भांडी

खोल वाटीत खाताना मिशा कडांना घासतात, त्याने मांजर वैतागतं, असा हा दावा. त्यावरच भांडी विकली जातात. हे ताडून पाहणारा एक अभ्यास मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. त्यात मांजरांना नेहमीचं आणि पसरट अशा दोन्ही भांड्यांत खाणं दिलं. किती खाल्लं, किती वेळ खाल्लं, किती सांडलं, यात फरक पडला नाही. निवड करू दिल्यावर बरीच मांजरं पसरट भांड्याकडे गेली, एवढं खरं.

मुळाशी असलेले काही तंतू बदल झाला तरच बोलतात, हे वर आलंच आहे. शिवाय हेच मांजर स्वखुशीने खोक्यात, पिशवीत, पांघरुणाखाली तोंड खुपसतं. तेव्हा सततच्या स्पर्शाने मिशा 'थकतात' ही कल्पना पटण्यासारखी नाही. आवड म्हणून पसरट भांडं द्यायला काहीच हरकत नाही, पण त्यासाठी घरातली स्टीलची उथळ ताटली पुरते.

या शब्दाचा खरा धोका वेगळाच आहे. मांजर भांड्यातून घास बाहेर काढून जमिनीवर खातं, भांड्यापाशी जाऊन परत फिरतं, एकाच बाजूने चावतं, खाताना लाळ गळते. ही लक्षणं दात आणि हिरड्यांच्या दुखण्याची असतात. भांडं बदलून आठवडाभर वाट पाहिली तर दुखणं वाढतं. आणि मांजराने एक दिवसाहून जास्त काही खाल्लं नाही तर थांबूच नका. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की त्याच्या यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होतो.

गळालेली मिशी, जळालेली मिशी

फरशीवर एखादी मिशी सापडली तर काळजीचं कारण नाही. मिशा एक-एक करून आपोआप गळतात आणि नव्या येतात. पिल्लाच्या मिशा बुडापासून आखूड झालेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा आईने किंवा भावंडांनी चाटून-चावून तोडलेल्या असतात. डेव्हन रेक्स जातीच्या मांजराच्या मिशा जन्मतःच कुरळ्या आणि ठिसूळ असतात.

एकाच बाजूच्या बऱ्याच मिशा अचानक तुटल्या, त्या जागी गोल टक्कल पडलं, कोंडा सुटला, तर गजकर्णाची शक्यता धरायला हवी. ही बुरशी घरातल्या मुलांना लागते. माणसाचं मलम लावू नका, मांजर ते चाटून पोटात घालतं. पशुवैद्य केसांचा नमुना तपासतात. उपचार काही आठवडे चालतात, आणि अंथरुणं धुणं हा त्या उपचारांचाच भाग असतो.

मिशांची टोकं आखडून कुरळी झालेली, हात लावताच मोडणारी दिसली, तर त्या भाजल्या आहेत. गॅसची शेगडी, देवाजवळची समई, निरांजन, डासांची कॉइल यांच्याशी उत्सुकतेने नाक नेल्याचा हा परिणाम. नुसती टोकं करपली असतील तर काही करायला नको. पण नाक, ओठ आणि पंजांच्या गाद्या जरूर तपासा. कातडी लाल दिसली तर गार पाण्यात भिजवलेलं फडकं धरा. टूथपेस्ट लावू नका, तीही चाटली जाते.

आणि दम्याचं? मांजराचा केस किंवा मिशी पोटात गेल्याने दमा होत नाही. ती पचत नाही, तशीच बाहेर पडते. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत एक प्रथिन असतं. ते वाळून हवेत उडतं आणि ज्यांना त्याची अॅलर्जी आहे त्यांच्या श्वासात जाऊन शिंका आणतं, धाप लावतं. तेव्हा ताटात पडलेल्या मिशीपेक्षा गादीवर झोपणारं मांजर अॅलर्जी असलेल्या माणसाला जास्त त्रासाचं.

वाघ-बिबट्याच्या मिशीबद्दल याहून भयंकर समज आहे: ती बारीक करून अन्नात घातली की माणूस मरतो. तीही केराटिनचीच, तिच्यात विष नाही. पण अशा समजुतींपायी मेलेल्या जनावराच्या मिशा तोडून नेल्या जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्या जवळ बाळगणं हा गुन्हा आहे.

मिशांवरून वेदना कशी ओळखावी

मांजर दुखणं लपवतं. म्हणून पाळणाऱ्याने मिशांकडे बघायला शिकावं, यासारखं उपयोगी कौशल्य नाही.

निवांत मांजराच्या मिशा दोन्ही बाजूंना सैल, किंचित खाली वाकलेल्या असतात. भ्यायलेलं मांजर त्या गालाला चिकटवतं. शिकारीवर किंवा खेळण्यावर लक्ष लागलं की त्या पुढे येतात. अडचण अशी की वेदनेतही मिशा ताठ होऊन पुढे येतात. मग फरक कसा करायचा? एकट्या मिशीवर निर्णय घ्यायचा नाही.

मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी बघतात: कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि डोक्याची उंची. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. कान पुढे वळलेले असतील तर ०, एकमेकांपासून फाकलेले असतील तर १, चपटे होऊन बाहेर वळलेले असतील तर २. डोळे उघडे, अर्धवट, किंवा बारीक केलेले. तोंड गोल आणि सैल, जरा ताणलेलं, किंवा ताणून लंबगोल झालेलं. मिशा सैल आणि वळणदार असतील तर ०, जराशा ताठ आणि जवळ आलेल्या असतील तर १, सरळ होऊन पुढे रोखलेल्या असतील तर २. डोकं खांद्यांच्या वर, खांद्यांच्या रेषेत, किंवा त्याहून खाली. एकूण दहापैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यायचा विचार पशुवैद्य करतात. खेळणाऱ्या मांजराच्या मिशा पुढे असतात, पण डोळे टक्क उघडे आणि कान ताठ असतात, म्हणून बेरीज वाढत नाही.

बघताना मांजराला हात लावू नका. अर्धा मिनिट दुरून पाहा. झोपलेलं, खाणारं, अंग चाटणारं किंवा ओरडणारं मांजर मोजायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहा. शक्य असेल तर समोरून एक फोटो काढा, आणि ते निरोगी असतानाचाही एक फोटो मोबाइलमध्ये आधीच ठेवलेला असू द्या. तुलना करायला तोच सगळ्यात कामी येतो.

गुण जास्त भरले म्हणून घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलचं विष उतरवणं मांजराच्या यकृताला जमत नाही. त्याने रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तिचा तुकडाही धोक्याचा. आयब्युप्रोफेनही तितकंच वाईट. मांजराचं वेदनाशामक त्याच्या वजनावर ठरतं, म्हणून दवाखान्यात फोन करताना वजन सांगता आलं तर वेळ वाचतो: आधी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, आणि दोन आकड्यांतला फरक सांगा.